घटसर्पाचे विष आणि हृदय

धार आणि देवास येथील पवारांच्या राज्यांच्या आश्रयाने माळव्यात कितीतरी मराठी घराणी रुजली. त्याच मुलखाच्या दक्षिण कडेला, जेथून जमीन नर्मदेकडे उतरू लागते, तेथे सतवास हे तहसिलीचे गाव आहे. तेथून इंदूरचे मोठे रुग्णालय गाठावयाचे म्हणजे सुमारे शंभर किलोमीटरांची वाट. एरवी हे अंतर म्हणजे काही फार मोठी गोष्ट नव्हे. परंतु एक रोग असा आहे की, त्यात वाटेत गेलेला प्रत्येक तास रोगाच्याच पदरात पडतो. त्या भागातील हिंदीभाषक लोक त्याला गलघोंटू म्हणतात. मराठीत त्याचे नाव घटसर्प.

शेतकऱ्यांच्या घरी घटसर्प म्हटले की प्रथम गोठा आठवतो. पावसाळ्याच्या तोंडाशी गुराची मान सुजते, घरघर लागते आणि एका दिवसात जनावर आडवे होते. तोही घटसर्पच, आणि हिंदीत त्यालाही गलघोंटूच म्हणतात. पण त्याचा जंतू निराळा आणि माणसाच्या घटसर्पाचा निराळा. नाव एक पडले ते दोन्हींत गळा आवळला जातो म्हणून. या नावाने एक गैरसमज मात्र पक्का केला. घटसर्पाने मूल दगावते ते श्वास कोंडून, असे पिढ्यान् पिढ्या मानले गेले. ते अर्धेच खरे होते. उरलेले अर्धे हृदयात दडलेले होते, आणि ते उलगडावयास वैद्यकाला शंभराहून अधिक वर्षे लागली.

आपल्या प्राचीन वैद्यांनी हा रोग पाहिला असावा. आयुर्वेदात जिभेच्या मुळाशी होणारा ‘रोहिणी’ नावाचा कंठरोग वर्णिला आहे आणि अनेक अभ्यासक तो घटसर्पच असल्याचे मानतात. चरकाने या रोग्याच्या आयुष्याची मर्यादा फार तर तीन रात्री एवढीच सांगितली आहे. मात्र कुशल वैद्याने त्वरा केली तर रोगी लवकर बरा होतो, असेही त्याने लगेच पुढे म्हटले आहे. ही ‘त्वरा’ लक्षात ठेवण्याजोगी आहे. चरकापाशी प्रतिविष नव्हते. पण या रोगात खरा शत्रू वेळ आहे, हे त्याच्या नजरेतून सुटले नव्हते.

युरोपात या रोगाला आजचे नाव मिळाले ते १८२६ साली. पिएर ब्रेतोनो हा फ्रान्समधील तूर या गावचा वैद्य. रोग्याच्या घशात जो करडा, चिवट पापुद्रा धरतो, तो त्याला कमावलेल्या कातड्यासारखा दिसला. म्हणून कातड्याला असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याने रोगाचे नाव ठेवले. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने गुदमरत चाललेल्या एका मुलीच्या श्वासनलिकेला गळ्यातून छेद देऊन तिचे प्राण वाचवले होते. पुढे ही शस्त्रक्रिया पॅरिसमध्ये सर्रास होऊ लागली. आणि तेव्हा एक विलक्षण गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानात आली. हवेचा मार्ग मोकळा केल्यावरही काही मुले मरत. काहींचा घसा तर पूर्ण निवळलेला असे, ताप उतरलेला असे, मूल आईकडे खाऊ मागू लागलेले असे. दुसऱ्या आठवड्यात असे मूल अंथरुणावर उठून बसे, किंवा दोन पावले चाले, आणि जागच्या जागी कोसळे. नाडी पाहावी तर ती थांबलेली. घशाच्या रोगाने हृदय का थांबावे?

या प्रश्नाचा पहिला धागा जर्मनीत फ्रीडरिख लफ्लर याच्या हाती लागला. १८८४ साली त्याने घटसर्पाचा जंतू वेगळा करून वाढवला आणि तो जनावरांना टोचला. जनावरे मेली. त्यांची आतडी, यकृत, हृदय यांवर रोगाच्या खुणा होत्या. पण तेथे जंतू मात्र सापडेना. तो जेथे टोचला होता तेथेच बसून राहिलेला. चोर घराबाहेरच उभा आणि आतली तिजोरी मात्र फुटलेली, असा हा प्रकार. लफ्लरने तर्क केला की जंतू स्वतः न हलता काही विष सोडत असला पाहिजे, आणि ते विष रक्तातून दूरवर जात असले पाहिजे. तर्क बरोबर होता, पण सिद्ध करण्याचे काम त्याच्या हातून झाले नाही.

ते केले पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एमिल रू आणि अलेक्झांडर येर्सिन या दोघांनी, १८८८ साली. त्यांनी जंतू मांसरसात वाढवले आणि तो रस चिनी मातीच्या बारीक गाळणीतून गाळला. या गाळणीतून जंतू पलीकडे जाऊ शकत नाही. खाली उतरलेल्या स्वच्छ, जंतुरहित रसाचा अंश त्यांनी जनावरांना टोचला, आणि जनावरांत घटसर्पाची सारी लक्षणे उमटली. काहींचे पाय लुळे पडले. जंतूविना रोग! जंतूचे विष हेच रोगाचे मर्म, हे त्या दिवसापासून निर्विवाद झाले. हे विष किती उग्र असते याची कल्पना एका आकड्याने यावी. लस न घेतलेल्या माणसाच्या वजनातील दर किलोमागे एका ग्रॅमचा एक कोटीवा भाग एवढे विष त्याचा जीव घेण्यास पुरते.

विष आहे तर उताराही असेल. १८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि जपानी शास्त्रज्ञ शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवले की, सोसवेल इतके विष क्रमाक्रमाने टोचलेल्या जनावराच्या रक्तात विषाला निकामी करणारे द्रव्य तयार होते. त्याचे सीरम दुसऱ्या प्राण्याला दिल्यास तोही वाचतो. रूने या कामासाठी घोडा निवडला. मोठे जनावर, पुष्कळ रक्त, आणि विष सोसण्याची ताकद. १८९४ साली पॅरिसच्या बालरुग्णालयात त्याने हे सीरम वापरले, तेव्हा तेथील घटसर्पाचे मृत्यू सुमारे निम्म्यावरून चोवीस टक्क्यांवर आले. त्याच महिन्यांत, त्याच शहरातील ज्या दुसऱ्या रुग्णालयात सीरम दिले जात नव्हते, तेथे शंभरांतील साठ मुले दगावत होती. बुडापेस्टच्या परिषदेत रूने हे आकडे वाचून दाखवले. १९०१ सालचे वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक बेरिंगला मिळाले. रूच्या वाट्याला ते आले नाही, आणि हा न्याय पुरता झाला असे म्हणवत नाही.

या कथेतला येर्सिन पुढे थेट मुंबईत येऊन पोहोचतो. १८९४ साली त्याने हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधला आणि १८९६ साली प्लेग मुंबईत उतरला. घोड्याच्या सीरमने घटसर्प हटतो तर प्लेग का हटू नये, या आशेने येर्सिन १८९७ साली आपले प्लेगविरोधी सीरम घेऊन मुंबईस आला. आशा फलद्रूप झाली नाही. मुंबईत यश आले ते पाश्चर संस्थेतच काम केलेल्या वाल्डेमार हाफकिन याला, आणि तेही निराळ्या मार्गाने. त्याने मारलेल्या प्लेगजंतूंची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे याच संस्थेने घोड्यांच्या रक्तापासून धनुर्वात, घटसर्प, सर्पदंश यांवरील सीरमे बनवली. पुण्याच्या पूनावाला घराण्याच्या पागेतील निवृत्त घोडे हाफकिन संस्थेकडे जात. त्यातूनच १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. पॅरिसमधल्या रूच्या घोड्यांची परंपरा अशी मुळा-मुठेच्या काठी येऊन स्थिरावली.

येर्सिनचे सीरम प्लेगवर का चालले नाही, याचे एक कारण जंतूंच्या विषांच्या दोन जातींत आहे. घटसर्पाचा जंतू विष बाहेर टाकतो. ते रक्तात वाहते, म्हणून वाटेत अडवता येते. प्लेग, विषमज्वर यांसारख्या रोगांच्या जंतूंचे विष त्यांच्या कवचातच मुरलेले असते आणि जंतू फुटला की मोकळे होते. हृदयावर दोघांचाही घाला पडतो, पण रीत वेगळी. कवचातले विष हृदयाच्या स्नायूला थेट ठार करीत नाही; ते शरीराच्या संरक्षक पेशींना चेतवते, आणि त्या पेशींनी सोडलेली द्रव्ये हृदयाचे आकुंचन क्षीण करतात. १९८४ साली अमेरिकेत मार्गारेट पार्कर, जोसेफ पॅरिलो आणि त्यांचे सहकारी यांनी रक्तात विष भिनून अत्यवस्थ झालेल्या रुग्णांची हृदये तपासली. जे वाचले त्यांतील अनेकांच्या हृदयाची ताकद आधी फार खाली गेली होती आणि सात ते दहा दिवसांत पूर्ववत झाली. म्हणजे हे हृदय मेलेले नसते, जणू मूर्च्छित झालेले असते.

घटसर्पाचे विष इतके दयाळू नाही. त्याची करणी समजण्यासाठी हृदयाचा स्नायू क्षणभर डोळ्यांपुढे आणला पाहिजे. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा हा स्नायू आकसतो आणि सैलावतो. प्रत्येक वेळी पेशीत कॅल्शियमची लाट येते, तिच्या इशाऱ्यासरशी प्रथिनांचे बारीक आणि जाड तंतू एकमेकांवरून सरकतात, आणि रक्त पुढे ढकलले जाते. या अखंड राबणुकीत तंतू झिजतात, कॅल्शियमची दारे झिजतात, इंधन जाळणारी यंत्रे झिजतात. पेशी ती सारी पुन्हा नव्याने घडवत राहते. हृदयाच्या पेशी बहुधा नव्याने जन्मत नाहीत. आहेत त्याच पेशींची सतत डागडुजी करून हा गाडा आयुष्यभर चालतो. चालत्या रेलगाडीचे रूळ बदलावेत तसे हे काम आहे.

घटसर्पाचे विष नेमकी ही डागडुजी बंद पाडते. त्याच्या रेणूचे दोन भाग असतात. एक भाग पेशीच्या पृष्ठभागावरील खुंटीला धरून आत शिरण्याची वाट करतो. दुसरा आत जाऊन घात करतो. हा घात कोणता, हे १९६० नंतरच्या दशकात हळूहळू उमगले. अमेरिकेत जॉन कॉलियर आणि अल्विन पॅपेनहायमर यांनी १९६४ साली दाखवले की, हे विष पेशीत नेहमीच असणाऱ्या एका द्रव्याला हाताशी धरून प्रथिननिर्मिती थांबवते. १९६८ साली जपानमध्ये तासुकु होन्जो आणि त्यांचे सहकारी यांनी उरलेले कोडे सोडवले. प्रथिनांची साखळी कडी कडी जोडून वाढवणारा जो घटक असतो, त्यावर विष त्या द्रव्याचा एक तुकडा चिकटवून देते. घटक कायमचा जखडला जातो आणि साखळी जागीच अडते. (याच होन्जोंना २०१८ साली नोबेल मिळाले, पण ते कर्करोगावरील निराळ्या कामासाठी.) विष स्वतः मात्र खर्ची पडत नाही, एक घटक जखडला की ते पुढच्याकडे वळते. म्हणूनच १९७८ साली जपानी संशोधकांना आढळले की, विषाच्या घातक भागाचा एकच रेणू आत शिरला तरी एक संपूर्ण पेशी मरण्यास तो पुरेसा होतो.

दुसऱ्या आठवड्यातील त्या आकस्मिक मरणाचा अर्थ येथे लागू लागतो. विष हृदयात शिरते ते पहिल्या काही दिवसांतच, पण हृदय त्या दिवशी थांबत नाही. जुन्या प्रथिनांच्या पुंजीवर ते चालत राहते. पुंजी झिजते, नवी भर पडत नाही. गिनीपिगवरील प्रयोगांत १९६४ साली आणखी एक गोष्ट दिसली: विषबाधित हृदयात कार्निटीन हे द्रव्य घटते. हृदयाचे मुख्य इंधन म्हणजे स्निग्धाम्ले, आणि ती भट्टीपर्यंत वाहून नेण्याचे काम या द्रव्याचे. वाहतूक थांबली की चरबी स्नायूत साचते, आणि भरल्या कोठारापाशी हृदय उपाशी राहते. तंतू ढिले पडतात, आकुंचन मंदावते, हृदय फुगते. ठोक्याचा संदेश नेणारे धागेही याच स्नायूचे असल्याने तेही तुटू लागतात. वरच्या कप्प्यांचा हुकूम खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचत नाही. घसा तोवर निवळलेला असतो, घरचे लोक निश्चिंत झालेले असतात. अशा वेळी मूल उठून बसते, आणि एवढा लहानसा भारही त्या हृदयाला पेलत नाही. जुन्या काळचे डॉक्टर घटसर्पातून उठलेल्या मुलाला कित्येक आठवडे अंथरुणावरून हलू देत नसत. ते त्या वेळी अनेकांना फाजील वाटत असेल. पण ते अनुभवाने आलेले शहाणपण होते.

प्रतिविषाची मर्यादाही यातच आहे. घोड्याचे सीरम रक्तात फिरणाऱ्या विषाला गाठून निकामी करते. पेशीच्या आत गेलेल्या विषापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. म्हणून पहिल्या-दुसऱ्या दिवशी सीरम मिळालेली मुले बहुधा वाचतात, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण अनेक पटींनी वाढते. औषध तेच, मात्रा तीच. फरक केवळ तासांचा. आत शिरलेल्या विषावर आजही उतारा नाही. संदेशवाहक धागे तुटले तर कृत्रिम गतिकारक बसवता येतो, पण स्नायूच खचला असेल तर नुसत्या हुकमाचा काय उपयोग?

या तासांची किंमत साऱ्या जगाला एकदा दिसली होती. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातील नोम या बर्फाने वेढलेल्या गावी घटसर्प पसरला. समुद्र गोठलेला, विमानाचा भरवसा नाही. तेव्हा वीस गाडीवान आणि सुमारे दीडशे कुत्री यांनी आळीपाळीने एक हजारांहून अधिक किलोमीटरांची वाट साडेपाच दिवसांत तोडून सीरमचा डबा पोहोचवला. अखेरच्या टप्प्यातील बाल्टो या कुत्र्याचा पुतळा न्यूयॉर्कमध्ये उभा आहे. जाणकार मात्र सांगतात की, सर्वांत लांब आणि सर्वांत धोक्याचा टप्पा टोगो नावाच्या दुसऱ्या कुत्र्याच्या चमूने पार केला.

सतवाससारख्या गावाला अशी कुत्री आणि असे गाडीवान दर वेळी कोठून मिळावयाचे? त्याचे उत्तर सीरममध्ये नव्हते. ते विषातच सापडले. १९२३ साली पाश्चर संस्थेच्या पॅरिसबाहेरील पागेत काम करणाऱ्या गास्तों रामों याने दाखवले की, घटसर्पाचे विष थोड्या फॉर्मालिनसह उबेत ठेवले तर त्याचा घातकपणा जातो, पण शरीराला त्याची ओळख मात्र पटते. अशा निर्विष केलेल्या विषाला टॉक्सॉइड म्हणतात. ते टोचलेल्या मुलाच्या रक्तात प्रतिविष आधीच तयार असते. मग जंतू घशात येऊन बसला तरी त्याचे विष हृदयापर्यंत पोहोचण्यापूर्वीच अडवले जाते. त्याला शंभर किलोमीटर जावे लागत नाही, की एक तासही वाट पाहावी लागत नाही. भारतात ही लस १९७८ पासून सरकारी कार्यक्रमातून दिली जाऊ लागली, आणि १९८५ साली सार्वत्रिक लसीकरणाची मोहीम सुरू झाली.

रोग तरीही हटलेला नाही. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेकडे भारतातून घटसर्पाचे आठ हजारांहून अधिक रुग्ण कळवले गेले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, राजधानी दिल्लीत, सीरमचा साठा संपलेला असताना मुले दगावली. अंतर तेथे किलोमीटरांचे नव्हते. पण घोड्याच्या सीरमची मागणी घटली की उत्पादक ते बनवणे सोडतात, आणि मग ऐन वेळी रुग्णालयाच्या दारात उभे असूनही मूल सीरमपासून तितकेच दूर राहते. आजारी पडणाऱ्यांत आता पाच वर्षांवरील मुले आणि तरुणही पुष्कळ असतात, कारण लहानपणीच्या लसीचा जोर ओसरतो आणि पुढच्या मात्रा घ्यावयाच्या राहून जातात. म्हणून सध्याच्या वेळापत्रकात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातील तीन मात्रांनंतर दीड वर्षाच्या सुमारास एक, पाच वर्षे पूर्ण झाल्यावर एक, आणि पुन्हा दहाव्या व सोळाव्या वर्षी एकेक मात्रा ठेवलेली आहे. शेवटच्या दोन मात्रांचे नाव काढले की कित्येक सुशिक्षित घरांतूनही ‘मोठ्या मुलाला कशाला टोचायचे’ असा प्रश्न येतो.

प्रत्येक मात्रा अर्धा मिलिलिटर. तान्ह्या मुलाला ती मांडीत देतात. रूने गाळणीतून खाली उतरवलेले ते विषच त्या थेंबभर लसीत असते, रामोंने सांगितल्याप्रमाणे दात पाडलेले.